पशुगणनेत नसलेलं मांजर



पशुगणना करणारा माणूस दारात आला होता, तेव्हा त्यानं काय काय विचारलं ते आठवा. गाई किती, बैल किती, म्हशी किती. शेळ्या, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या. कुत्रं आहे का, हेही विचारलं असेल. त्याच्या यादीत घोडा, गाढव, खेचर, उंट, ससा असतो. हत्तीचासुद्धा रकाना असतो. आता आपल्या राळेगाव-घाटंजीत कुणाच्या अंगणात हत्ती बांधलेला आहे ते त्यालाच ठाऊक. पण चुलीपाशी अंग चोरून बसलेल्या मांजराकडे त्यानं पाहिलं नाही. त्याचा दोष नाही, मांजराचा रकानाच नाही. आपल्या देशात पहिली पशुगणना १९१९-२० साली झाली. विसावी २०१९ ची. एकविसावी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. शंभर वर्षं उलटली, पण मांजर मोजायचं कुणाच्या मनात आलेलं नाही.

मांजराच्या औषधाचंही तसंच झालं. आमच्याकडे गटांच्या बैठकीत हा विषय निघतो तो असा: 'आमची मनी म्हातारी झाली. नुसती पाणी पिते, वाळत चालली, काय द्यावं?' मग चारजणी चार औषधं सांगतात. एक बैलाचं, एक शेळीचं, एक लेकराचं, आणि एक टीव्हीवर पाहिलेलं. मागच्या उन्हाळ्यात एकीनं मांजराचं अंग गरम लागलं म्हणून तापाची अर्धी गोळी दुधात घोळून दिली. दुसऱ्या दिवशी मांजर गेलं. तिनं मायेनंच दिली होती. तेव्हा आम्ही ठरवलं की घरातल्या जनावरांच्या औषधाची गोष्ट जरा मागून सुरू करून सांगायची. कोणाचं औषध कोणी लिहून ठेवलं, कोणाचं नाही, आणि आपल्या आजीच्या बटव्यातलं म्हाताऱ्या मांजराला काय चालतं, काय चालत नाही.

मांजर माणसाच्या घरात आलं ते धान्यामागं. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, उंदीर आले, उंदरामागं मांजर आलं. पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतलं रानमांजर हे आपल्या सगळ्या घरमांजरांचं मूळ. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. आपल्या बाजूला सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो गावात एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून मांजर पळालं आणि त्याच्यामागं कुत्रं, दोघांचेही पाय उमटले. चार हजार वर्षांपूर्वीचं ते भांडण अजून विटेवर आहे.

आपल्या वऱ्हाडात ज्वारीची पेवं होती, घरात कोठ्या होत्या, कापसाच्या दिवसांत ओसरीपासून आढ्यापर्यंत कापूस भरलेला असायचा. अशा घरात मांजर नसेल तर उंदीर गोधड्यासुद्धा ठेवत नसत. म्हणून मांजराला मान होता, भीतीसकट. आडवं गेलं तर थांबायचं, मारलं तर पाप. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मांजर मारण्याला प्रायश्चित्त सांगितलं आहे. बाळाच्या जन्मानंतर आपण सटवाई पुजतो, तीच बंगालात षष्ठी होते आणि तिथं तिचं वाहन मांजर आहे. म्हणजे पाप लागू नये म्हणून ग्रंथात मांजर सापडतं. पण ते आजारी पडलं तर काय करावं, ते शोधायला गेलो तर हाती फार थोडं येतं.

जनावरांच्या औषधाला आपल्याकडे जुना मान आहे, हे मात्र खरं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकानं गिरनारच्या खडकावर कोरून ठेवलं की माणसांच्या आणि जनावरांच्या, अशा दोन्ही उपचारांची सोय केली आहे, आणि जिथं औषधी झाडं नाहीत तिथं ती आणून लावली आहेत. आपल्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथं एक जुना शिलालेख सापडला, वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. त्यावरच्या सगळ्यात जुन्या ओळी अशोकाच्या काळातल्या मानल्या जातात, आणि त्यांत प्राण्यांना पकडायला आणि मारायला मनाई केलेली आहे.

पुढं ग्रंथ झाले ते राजाच्या जनावरांचे. शालिहोत्राच्या नावानं घोड्यांचं शास्त्र आहे, पालकाप्याच्या नावानं हत्तींचं. घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे सलोत्री म्हणत, तो शब्द या शालिहोत्रावरूनच आला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा मोठा ग्रंथ रचला. त्यात हत्ती आहेत, घोडे आहेत, शिकारी कुत्र्यांवर वेगळं प्रकरण आहे. हत्ती लढाईला, घोडा लढाईला, कुत्रं शिकारीला. मांजर लढाईला नेता येत नाही. ते कोठीपाशी राहिलं आणि कोठी बायकांच्या ताब्यात होती.

इंग्रजांच्या काळातही क्रम तोच राहिला. मुंबईत १८३२ साली सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांनी मिळून मुंबईची पांजरापोळ उभी केली. म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळायची जागा. आपल्याकडच्या गावोगावच्या गोरक्षण संस्था त्याच वळणाच्या. पुढं १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या दवाखान्याचा पाया घातला गेला आणि १८८६ साली तिथंच जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज सुरू झालं. एका बाईच्या नावानं जनावरांचा दवाखाना उभा राहिला, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

पण सरकारचं लक्ष होतं पलटणीच्या घोड्यांवर आणि शेतीच्या बैलांवर. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून कागदोपत्री होता, यवतमाळ हे नाव १९०५ साली पडलं. कापसाचा मुलूख, सगळी कामं बैलावर, आणि बैलांवर बुळकांडीचा घाला. बुळकांडी आली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. तिच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि थोड्याच वर्षांत ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. १९५४ पासून देशभर लसीची मोहीम चालली आणि २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. ज्या म्हाताऱ्यांनी बुळकांडीची साथ पाहिली आहे त्यांना विचारा, त्या अजून तो शब्द हळू आवाजात म्हणतात. नागपूरला १९५८ मध्ये जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज झालं, तालुक्याला दवाखाने झाले. त्यांना आपण नाव दिलं 'ढोरांचा दवाखाना'. नावातच आलं की तो कोणासाठी आहे. मांजर पिशवीत घालून तिथं जायला आजही बाईला लाज वाटते, लोक हसतील म्हणून.

तर उरलं कोण? घरातल्या बाया. बैलाचा खांदा सुजला तर हळद, शेळीला पोटफुगी झाली तर तेल पाजणं, कोंबड्यांना लसूण, वासराला हगवण लागली तर बेलाचा गर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांद शेकतो. तूप-हळद लावून बैलाचे खांदे मळतो, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. सण म्हणून करतो, पण वर्षभर जू वागवलेल्या म्हाताऱ्या खांद्याची ती मालिशच आहे. हे सगळं तोंडातोंडी चाललं, कुणी लिहिलं नाही. लिहायला घेतलं ते फार उशिरा. १९९२ साली पशुवैद्यक बायांनीच 'अंथ्रा' नावाची संस्था सुरू केली. सागरी रामदास, नित्या घोटगे ही त्यातली नावं. महाराष्ट्रात आणि आंध्रात हिंडून त्यांनी विचारलं की जनावरांचं करतं कोण आणि औषध कोणाला माहीत आहे. त्यातून बायांचं ज्ञान कागदावर आलं.

अलीकडे आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ घरगुती औषधं मोजून-मापून सांगतं. दगडी कास झालेल्या गाईसाठी त्यांचा लेप असा: कोरफडीचं पान अडीचशे ग्रॅम, हळद पन्नास ग्रॅम, चुना पंधरा ग्रॅम. एकत्र वाटायचं, पाण्यात पातळ करून धार काढून धुतलेल्या कासेला दिवसातून बऱ्याच वेळा लावायचं, निदान पाच दिवस. आपल्या आज्या चिमूटभर, मूठभर म्हणायच्या. आता ग्रॅममध्ये आहे, म्हणून डॉक्टरही ऐकून घेतात. ज्या पशुसखी आपल्या गावात काम करतात, त्यांनी हे माप पाठ केलेलंच असेल.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, आजच्या बोलण्यातली हीच खरी महत्त्वाची आहे. आपल्या बटव्यातली बहुतेक सगळी औषधं पाला खाणाऱ्या जनावरांवर आणि माणसांवर तयार झाली. बैल, शेळी, म्हैस यांचा जन्मच पाला पचवण्यात जातो. पाल्यात कडू असतं, विषारीही असतं, ते मोडून बाहेर टाकायची ताकद त्यांच्या शरीरात आहे. मांजर निव्वळ मांसाहारी. अभ्यासक सांगतात की पाल्यातलं विष मोडायची पाळी त्याच्या पूर्वजांवर आलीच नाही, म्हणून ते काम करणारं एक रसायन मांजराच्या यकृतात जवळपास बनतच नाही. त्यामुळं बैलाला हजम होणारी, लेकराला बरं करणारी गोष्ट मांजराच्या अंगात साचत जाते आणि त्याला मारते. औषध झाडपाल्याचं आहे, म्हणजे त्यानं अपाय होणार नाही, हे मांजराच्या बाबतीत खरं नाही. बैलाचं औषध शंभर पटीनं कमी केलं तरी ते मांजराचं औषध होत नाही.

तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. ती आपल्या घराघरात आहे, आशाताईंकडेही असते. माणसाला चांगली. मांजराला एक गोळी ठार करायला पुरते, म्हाताऱ्या-हडकुळ्या मांजराला त्याहून कमीही पुरते. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. त्या बाईच्या मांजराला हेच झालं होतं.

मांजराची दुसरी गोष्ट तिच्या जिभेची. मांजर दिवसाचा मोठा वेळ अंग चाटण्यात घालवतं. तुम्ही तिच्या कातडीवर जे लावाल ते तासाभरात तिच्या पोटात जातं. पिसवांसाठी रॉकेल चोळणं, तंबाखूचं पाणी लावणं, खोबरेल तेलात कापूर घालून लावणं, कडुनिंबाचं तेल चोपडणं, गोठ्यात मारायची पावडर भुरभुरणं, हे सगळं मांजराच्या बाबतीत बंद करा. कुत्र्याच्या पिसवांचं औषधही मांजराला लावू नका. त्यातल्या पुष्कळांत पर्मेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात. घर पुसायचं फिनाईल ओलं असताना मांजर त्यावरून चाललं आणि पाय चाटले, तर तेही तिला विष. कांदा-लसूण मांजराचं आणि कुत्र्याचंही रक्त बिघडवतो. म्हणून आपल्या ताटातला रस्सा भाकरीवर ओतून देणं बंद करा, मग त्यात मटणाचा तुकडा का असेना.

आणि एक गंमत. आपल्या बांधावर खोकली नावाचं तण उगवतं. त्याचं मूळ उपटलं की मांजर वेड्यासारखं त्यावर लोळतं, चघळतं. पाहणारे म्हणतात, मांजराला आपलं औषध कळतं. कळत नसतं, तिला त्या वासाची नशा होते. त्यावरून ती बरी होते असं काही नाही.

म्हाताऱ्या जनावराच्या दुखण्यावरच्या औषधाची एक गोष्ट आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिली आहे, ती इथं सांगायलाच हवी. लंगड्या, थकल्या बैलाला पूर्वी लालबुंद सळईनं डाग देत. जनावर तडफडायचं, गुण मात्र क्वचित यायचा. १९९० च्या दशकात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन स्वस्त झालं. म्हातारा बैल त्यानं उभा राहू लागला, सगळ्यांना बरं वाटलं. तो मेला की नेहमीप्रमाणं गावाबाहेर टाकला जाई, गिधाडं येत. त्या मांसातल्या औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. काही जातींची शंभरातली पंच्याण्णवहून जास्त गिधाडं संपली. कारण कळलं २००४ साली, जनावरांसाठी हे औषध वापरायला बंदी आली २००६ साली, आणि तशाच प्रकारची आणखी दोन औषधं, केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक, २०२३ मध्ये बंद झाली. गिधाडं गेल्यावर मेलेल्या ढोरांवर कुत्री पोसली. आजही गावात दुखऱ्या बैलासाठी माणसांच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक कुणी आणत असेल, तर डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही. पण तेही मांजराला स्वतःच्या मनानं देऊ नका, तिथं पुन्हा मूत्रपिंडाचाच प्रश्न येतो.

कुत्री वाढली की पिसाळलेपणही वाढतं. आपल्यातल्या पन्नाशीच्या बायांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीला तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून. २००५ च्या सुमारास ती आपल्या देशातून बंद झाली. आता दंडात लस देतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. म्हातारं मांजर दुखतं म्हणून औषध पाजताना चावतं, ओरबाडतं. त्या जागेवर मिरची, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लस घ्या. मांजरापासूनही तो रोग होतो.

आता म्हाताऱ्या मांजराकडे येऊ. दहा वर्षांपुढचं मांजर म्हातारं समजा. पूर्वी खेड्यात इतकं जगणारी मांजरं थोडी होती, म्हणून म्हाताऱ्या मांजराचं औषध आज्यांनाही फारसं माहीत नव्हतं. म्हातारपण आधी उडीत दिसतं. माळ्यावर चढणारी मनी पोत्यावरच बसून राहते. अंग चाटणं कमी होतं, केसांच्या गाठी होतात, नखं वाढून पंजाच्या गादीत रुततात, तोंडाला वास येतो. पाणी फार पिते, मुतते फार, आणि खाऊनही वाळते. बहुतेक वेळा तिची मूत्रपिंडं थकलेली असतात. हा रोग म्हाताऱ्या मांजरांत फार दिसतो आणि कोणत्याही पाल्यानं उलटत नाही. पण पाणी आणि खाणं सांभाळलं तर दिवस बरे जातात.

आपण म्हणतो, आमचं मांजर दूध-भाकरीवर जगलं. तसं नव्हतं. दूध-भाकरी तिचा चहा होता, जेवण उंदराचं होतं. मांजराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो, तो मांसातच असतो. तो न मिळाल्यास तिचे डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. तरुण असताना ती तो वावरातून, कोठीमागून मिळवत होती. आता दात नाहीत, झेप नाही, उंदीर मिळत नाही, आणि आपण मात्र तेच दूध-भाकर पुढं करतो. म्हणून ती वाळते. कोंबडीच्या दुकानात मागितलं तर मान, हृदय, कातडीखालचं मांस थोडक्या पैशांत मिळतं. मीठ-मसाला-कांदा न घालता उकडा, हाडं काढा, त्याच पाण्यात कुस्करून कोमट द्या. मासा असेल तर काटे काढून. माळकरी घर असेल तर निदान उकडलेलं अंडं अंगणात द्या, पण तेवढ्यानं भागत नाही, शेजारणीला सांगून ठेवा. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. दूध पुष्कळ मांजरांना मोठेपणी पचत नाही, हगवण लागते. बद्धकोष्ठ झालं असेल तर उकडून कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर खाण्यात मिसळा. बटव्यातलं हे औषध मांजराला चालतं.

पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पसरट मातीच्या भांड्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, म्हातारं मांजर विहिरीपर्यंत जाऊ शकत नाही. रांजणाच्या बुडाशी ओल असते तिथं तिला पोतं अंथरून द्या. थंडीत उलट: जुन्या लुगड्याची घडी, चुलीपासून हातभर लांब. ऊब मिळावी म्हणून ती विझलेल्या चुलीत शिरते आणि सकाळी कुणी न पाहता चूल पेटवतं, असं होता कामा नये. बाहेर जाणं जमत नसेल तर टोपलीत राख किंवा वाळू घालून कोपऱ्यात ठेवा, कड बुटकी असलेली. जुन्या दातांच्या फणीनं केस विंचरा. नखाचं नुसतं टोक कापा, आतली गुलाबी शीर सोडून. जखम असेल तर अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात लहान चमचाभर मीठ घालून त्यानं धुवा, आणि तेवढंच.

महिन्यातून एकदा तिला पिशवीत घालून वजन करा. साडेतीन किलोचं मांजर अर्धा किलो उतरलं म्हणजे साठ किलोच्या बाईचं आठ किलोंहून जास्त उतरण्यासारखं आहे. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट पाहू नका, मांजराचं यकृत उपाशीपोटी बिघडतं. १९६२ या नंबरवर जनावरांच्या डॉक्टरांची मदत मिळते. ढोरांच्या दवाखान्यात जायला लाजू नका, तिथला डॉक्टर मांजराचंही शिकलेला असतो.

कुत्र्याचं थोडं सोपं आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात. कोमट तिळाचं तेल चोळलं आणि त्यानं चाटलं तरी बिघडत नाही. वाळूची पोटली गरम करून आपल्या मनगटावर आधी पाहा, मग शेका. म्हाताऱ्या शेळीचे दात झिजतात, तिला कुट्टी बारीक करून, ढेप भिजवून द्या. कोंबडीचं म्हातारपण आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून फवारणीच्या कपड्यांची गोष्ट आपण वारंवार सांगतो. त्यात एक भर घाला. ओसरीवर टाकलेल्या त्या सदऱ्यावर मांजर झोपतं आणि मग अंग चाटतं. उंदराच्या औषधाचंही तसंच आहे. ते खाऊन लडखडणारा उंदीर म्हाताऱ्या मांजराला सहज सापडतो, कारण तो पळत नाही. ज्या घरात मांजर आहे तिथं पिंजरा लावा.

मांजर मरायला घराबाहेर जातं, असं आपण म्हणतो. आजारी मांजर लपतं, तिला अंधार आणि एकांत हवा असतो. पुष्कळदा ती मरणार नसते, नुसती तहानलेली असते. दिसेनाशी झाली तर कडब्याच्या गंजीमागं, सरपणात, जुन्या कोठीत बघा, उचलून आणा, पाणी पुढं ठेवा. गेलीच, तर गुडघ्याहून खोल खड्डा करून विहिरीपासून लांब पुरा.

तुमच्या घरी आजीचं किंवा सासूबाईंचं एखादं औषध चालत असेल, तर गटाच्या वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. औषध काय, किती, कसं दिलं, किती दिवसांनी गुण आला. आणि वर आधी एवढं लिहा की ते बैलाचं आहे, शेळीचं आहे की मांजराचं.